तीन टिंबं

तिसरा खंड, पान चारशे बारा.
ठाण्याचा किल्ला अर्धा उठलाय,
पाथरवटाची बायको जात्यावर बसून गाते:

दगड घडवी धनी
नदीच्या पैलतीरी

आणि पुढे तीन टिंबं.

कादंबरीला तेवढं पुरलं.
मालिकेला अडीच मिनिटं हवी होती.
मी टिंबांचे पैसे घेतले, निम्मे आगाऊ,
आणि लिहिलं:

भाकर माझ्या शिरी
गार झाली

अशा अकरा ओव्या.

घोडबंदर रोडला प्लायवुडचा बुरूज,
त्याच्या सावलीत जनरेटर,
जात्यावर बाळकूमच्या अनसूया भोईर,
दिवसाला बाराशे, जेवण धरून.
नुसते ओठ हलवायचे होते.
त्या गायल्या.

खारीच्या पैलतीरी

कट. नदी, मावशी, नदी.
सात टेक झाले. सातही वेळा खारी.
मग त्यांनीच जातं थांबवलं:
"नदी आसती तं गेली नसती का ती पलीकडं?
खारी भरली का बसाचाच.
भाकर तवाच गार व्हते."

मी त्यांच्या पिठाळ बोटांकडे बघत राहिलो.
भाकर का गार झाली,
हे मला लिहिताना ठाऊकच नव्हतं.

भाग लागला तेव्हा आवाज दुसरीचा,
नदी स्वच्छ, शुद्ध.
शेवटी भरभर सरकणाऱ्या नावांत
गीत: पारंपरिक.

रात्री तिसरा खंड काढला,
पेन्सिलीने नदी खोडली,
खारी लिहिलं, 'र'च लिहिला.

टिंबं राहू दिली.
ओहोटीला अजून वेळ आहे.