उसना दशक

बेचाळीस वजा सतरा.
दोनातून सात जात नाहीत,
मग शेजारच्या चाराकडून एक दशक उसना घ्यायचा.
टाचणात असंच लिहिलं होतं, खाली लाल रेघ मारून.

मंगळवार पेठेतली महापालिकेची शाळा, तिसरीचा वर्ग,
माझा सातवा सराव पाठ.
खिडकीतून तालमीच्या मातीचा वास.
हर्षद न विचारता उभा राहिला:
"बाई, उसना घेतलाय, तर परत कधी द्यायचा?"

टाचणात या प्रश्नाला रकाना नव्हता.
मी म्हणाले, "खाली बस."
आणि तो बसला,
तेच जास्त लागलं.

शेवटच्या बाकावर निरीक्षणाला तिघं:
चंदगडचा भरमू नाईक, शिरोळचा शीतल मगदूम,
आणि रुबीना मुल्लाणी, जिच्याशी मी तोवर
फक्त झेरॉक्सच्या रांगेत बोललेली.
तिघांची पेनं चालूच.
वाटलं, पंचनामा लिहितायत माझा.

संध्याकाळी गंगावेशीत, दूधकट्ट्यावर,
चरवीत धार वाजत होती.
भरमूच्या मिशीला फेस.
कुणी विषय काढेना, मग मीच काढला.
शीतल म्हणाला, "परवा मी पस्तीस मिनिटं
फळ्याकडंच तोंड करून शिकवलं.
पोरांनी नुसती पाठ बघितली माझी."
"मग झाला की पाठ!" भरमू म्हणाला,
आणि माझ्या नाकात दूध गेलं.

रुबीनाचे वडील केएमटीत कंडक्टर.
तिनं दहाची नोट काढली, "मामा, सुट्टे द्या,"
आणि दहा नाणी कट्ट्यावर मांडली, एकेक.
"उसना कुठला गं? नोट मोडली नुसती.
घरातलंच आहे, सुट्टं होऊन आलं."

दुसऱ्या दिवशी चौगुले बाईंना सांगितलं.
सव्वीस वर्षं तिसरीवर आहेत.
बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.
"मी आपली म्हणत आले, परत द्यायचा नसतो, विसरा."
मग त्यांनी डायरी उघडली
आणि रुबीनाला म्हणाल्या, "परत सांग, हळू."

निरीक्षण वही मिळाली. भरमूचं वाकडं अक्षर:
आवाज शेवटच्या बाकापर्यंत आला.
प्रश्नही आला. दोन्ही चांगलं.

हर्षद तीन दिवस शाळेत नाही.
ती दहा नाणी माझ्या कंपासपेटीत वाजतात.

आज शीतलचा पाठ, शेवटच्या बाकावर मी.
दोनदा खडू मोडला त्याचा.
तो फळ्याकडं वळतो, वळलेलाच राहतो,
आणि मी कंपासपेटी
हळूच बाकावरून खाली ढकलते.