साठ तास

एकतीस मेच्या आत साठ तास भरायचे आहेत,
माझे झालेत साडेबावन्न.
नाही भरले तर नावापुढची तीन इंग्रजी अक्षरं
थकलेल्या बिलाच्या मीटरसारखी कापली जातात.

रात्रीचे साडेअकरा.
कूलरचा पंप घरघरतोय, ओल्या वाळ्याचा वास,
भिंती अजून दुपार परत करताहेत.
लॅपटॉपमध्ये एक गोरा माणूस
अनिश्चिततेचं व्यवस्थापन शिकवतोय
आणि त्याच्या मागच्या खिडकीत बर्फ पडतंय.
मी ऐकते. मध्येच उठून मटकीला मोड आलेत का बघते.
झाला एक तास.
साडेत्रेपन्न.

पहिल्यांदा नापास झाले ते कोणालाच सांगितलं नव्हतं.
सदरच्या केंद्रात बाह्या वर करायला लावल्या,
चष्म्याच्या काड्यासुद्धा तपासल्या,
मग एकशे ऐंशी प्रश्न, आणि बहुतेकांचं शेपूट एकच:
सर्वांत आधी तुम्ही काय कराल?
मी प्रत्येक वेळी साइटवर धावून गेले.
उत्तर होतं: आधी बसा. विचारा. नोंद करा.
बाहेर येऊन तर्री पोहे खाल्ले,
डोळ्यांतल्या पाण्याचं खापर तर्रीवर फोडलं.

दुसऱ्यांदा पास.
साहेबांनी ऑफिसात संत्रा बर्फी वाटली.
पगार तेवढाच राहिला.

आता फॉर्म विचारतो,
तीन वर्षांत काय शिकलात, कोणाकडून?
यादीत संस्था आहे, परिषद आहे, पुस्तक आहे,
सगळ्यात खाली 'अन्य'.
अन्यमध्ये मी लिहिलं:
नत्थुजी हेडाऊ, फोरमन, पाण्याची टाकी, बुटीबोरी.
विषय: मे महिन्यातलं काँक्रीट.

माझ्या तक्त्यात स्लॅब सकाळी अकराला होता.
नत्थुजींनी तो तक्ता
परक्या पोराची पत्रिका पाहावी तसा बराच वेळ पाहिला.
"मॅडम, लाल रेघ बराबर हाय.
पण तुमच्या रेघेत ऊन नाही ना."
मग संध्याकाळपासून खडीवर पाणी,
टाकीत बर्फाच्या लाद्या,
आणि रात्री दोनला ओतायला सुरुवात.
मी पालथ्या घमेल्यावर बसून राहिले.
ते तळहाताच्या मागच्या बाजूनं गारवा बघायचे,
नंतर थर्मामीटर पुढे करायचे,
"हे तुमच्या कागदासाठी."

तास: साडेसहा.
बेरीज साठ. पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी ईमेल.
आपली नोंद तपासणीसाठी निवडली गेली आहे.
पुरावा जोडा. शिकवणाऱ्याची सही घ्या.

नत्थुजी रिटायर झालेत.
दिघोरीच्या पुढे, गल्लीच्या टोकाला,
शेजाऱ्याच्या कूलरला ताट्या ठोकत होते.
तोंडात दोन खिळे.
ते काढून म्हणाले, "मी शिकवलं? तुमाले?"
सुनेनं पेन आणला, पाण्याचा तांब्या आणला.
सही व्हायला वेळ लागला,
वेलांट्या उकारांसकट पूर्ण नाव,
पुसट होऊ नये म्हणून दोनदा गिरवलेलं.

खाली एक रकाना होता: शैक्षणिक पात्रता.
"याच्यात काय लिवू?"

सर्वांत आधी तुम्ही काय कराल?
मी बसले.
ओट्यावर, उन्हाकडे पाठ करून,
आणि काही सुचेना.
तेव्हा त्यांनीच लिहिलं, आकड्यात:
४१ उन्हाळे.

"अन् हे सरते कवा?"
"तीन वर्षांनी."
"मंग येजा पुन्हा. पण फोन करून या,
मी घरी राहत नाही."

अजून उत्तर आलेलं नाही.
सहा दिवस उरलेत, फ्लोट शून्य.
खबरदारी म्हणून त्या गोऱ्या माणसाचा
दुसरा भाग लावून बसले आहे.
त्याच्या खिडकीत बर्फ पडतंच आहे
आणि माझं लक्ष त्याच्या बोलण्यात नाही.
मी हिशेब करते आहे,
एवढ्या बर्फात
किती घनमीटर गार राहिलं असतं.