जास्तीची जागा

अशोकस्तंभाजवळच्या डीटीपीच्या दुकानात
निंबा अहिरे सोल्डरिंगचं टोक तापवून
फ्लॉपीच्या कोऱ्या कोपऱ्याला भोक पाडायचा.
जळक्या प्लास्टिकचा वास, एक शिंक,
की सातशेवीसची चौदाशेचाळीस.

"जागा असतेच आत," म्हणायचा,
"कंपनी सांगत नाही, एवढंच."

आम्ही भरत गेलो.
लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं,
सातपूरच्या कारखान्यांची लेटरहेडं,
आणि कडेला, त्याच्या बायकोचा नोकरीचा अर्ज.

पावसाळा संपता संपता ड्राइव्ह करकरला.
'मी, खाली सही करणारी'
पुढे नुसते चौकोन.

निंबा कोऱ्या कागदावर
हातानेच उतरवू लागला:
नाव. पत्ता. शिक्षण.
'अनुभव'पाशी पेन थांबलं.

भरदुपारी सायकल काढून
तो घरी गेला,
तिला विचारायला.