सात नंबरच्या टाकीचं माप

काचेचा हायड्रोमीटर, वीतभर लांब,
पोटात शिशाचे छर्रे, मानेत आकड्यांची कागदी पट्टी.
दिंडोरी रोडच्या वायनरीत सकाळी सात वाजता
मी सात नंबरच्या टाकीतून रस काढते
आणि त्याला सोडून देते रसात.
तो दोनदा डुचमळतो,
मग आपली जागा शोधून उभा राहतो.

पहिल्या दिवशी मान चांगली वर होती :
एक पूर्णांक शून्य नऊ चार.
आज नवव्या दिवशी एक पूर्णांक शून्य एक दोन.
यीस्ट साखर खातं, रस विरळ होतो,
विरळ रसाला पेलवत नाही.
गोडवा जाईल तसतशी नळी खोल जाते.
हे मी वहीत लिहीत नाही.
वहीत फक्त आकडा.

पेठहून आलेला भिवा गावित, नवा अप्रेंटिस,
विचारतो, "ताई, चंद्रावर नेला तर हा किती वर येईल?"
"पुष्कळ," मी म्हणते,
आणि लोखंडी जिना उतरताना
मधल्याच पायरीवर थांबते.

नाही.
चंद्रावर नळी हलकी होईल, खरं,
पण रसही होईल तितकाच हलका.
बुडणारा आणि धरून ठेवणारा,
दोघांचं वजन एकाच हिशेबाने घटणार.
गुरूवर उभं राहायला जमीन नाही,
पण समजा राहिलो :
दोघंही अडीचपट जड, आणि रेघ तीच.

नाना असते तर पहिल्याच फटक्यात सांगितलं असतं.
सातपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये
एकतीस वर्षं प्रेशर गेज दुरुस्त केले त्यांनी.
झाकण उघडून दाखवायचे,
आत पितळेची वाकडी नळी :
"दाब आला की ही सरळ व्हायला बघते.
माणसाचं उलट."
आणि काटा शून्यावर टेकला की बजावायचे,
"शून्य म्हणजे काही नाही असं समजू नको हां.
एक अख्खी हवा बसलीय डोक्यावर,
ती आपण धरतच नाही."
नाशिकला ती मुंबईपेक्षा जराशी कमी,
कसारा घाट चढून आल्याचं तेवढंच बक्षीस.
म्हणून आपला चहा अठ्ठ्याण्णवलाच उकळतो
आणि डाळीला एक शिट्टी जास्त.

संध्याकाळी रामशेजवर शुक्र दिसतो,
किती निवांत.
तिथे तीच हवा नव्वदपट,
नानांच्या कुठल्याच गेजला न झेपणारी.
मंगळावर इतकी कमी
की पेल्यातलं पाणी विस्तवाशिवाय उकळेल.
आणि ज्याला दर शनिवारी तेल वाहतो
तो म्हणे पाण्याहून हलका.

पौषात रामकुंडावर
नानांना मी पाण्यात सोडलं.
राख बराच वेळ वर राहिली,
हाडं लगेच गेली.
शेजारी एक पोरगं दोरीला चुंबक बांधून
तळातली नाणी ओढत होतं.
पितळी पाचाचं काही लागत नव्हतं त्याला.
मी ते बघत राहिले,
दुसरं कुठे बघायचं सुचेना.

बाराव्या दिवशी शून्य पूर्णांक नऊ नऊ चार.
साखर संपली.
नळी मानेपर्यंत आत,
पण उभी.
मी भिवाला म्हटलं, "तुला चुकीचं सांगितलं होतं.
चंद्रावरही एवढाच बुडेल."
"मग तिकडे न्यायचा कशाला?" तो म्हणाला.
थोड्या वेळाने, पाईप गुंडाळता गुंडाळता,
"आणि जिथे ओढच नाही, तिथे?"

तिथे सोडशील तिथेच राहील, मी म्हटलं.
वर येणार नाही, खाली जाणार नाही,
रसाचा गोळा होईल, त्यात ही कुठेतरी आडवी,
रेघ वाचता येणार नाही.
ओढ नसेल तिथे तरंगणंही नाही.

भिवाने नळी धुतली,
दोन बोटांत धरून उजेडात बघितली,
फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली.
मी तारीख घातली.
भिंतीवर नानांचा जुना गेज,
कशालाच न जोडलेला,
काटा शून्यावर.