पाचशे ग्रॅम

मोहाडीच्या पॅकहाऊसमध्ये फेब्रुवारीत
रात्र नसते, शिफ्ट असते.
आत पंधरा अंश, बाहेर त्याहून कमी,
आणि सल्फरच्या पॅडचा वास असा
की घरी गेल्यावर चहालाही ठसका लागतो.

मी नोंदवहीतला माणूस.
बीएस्सी अ‍ॅग्री, पहिली नोकरी.
किती पेट्या, किती रिजेक्ट,
कुणी किती वेळा हात धुतले, हे लिहायचं;
आणि अकरा वाजता देवरेसाहेबांच्या शिव्या
थोड्या गाळून पुढे पोचवायच्या.

बहात्तर बायका, बहात्तर कात्र्या,
जाळीच्या टोपीखाली सगळ्या सारख्याच.
डागी मणी काढायचा, पनेट भरायचं, काट्यावर ठेवायचं.
पाचशेच्या खाली गेलं, परत.
फार वर गेलं, तरी परत.
त्या दिवसांत दोघी जणी न सांगता सोडून गेल्या.
एक तर चपला विसरून.

मग चार नंबरच्या काट्यावर मंजुळा भोये आली,
पेठकडची, पिकअपमध्ये उभ्यानं.
पहिलंच पनेट तळहातावर तोललं आणि म्हणाली,
"चारशे ब्याण्णव."
काट्यानंही तेच दाखवलं.
शेजारणीनं मान वर केली. बस, एवढंच.

दुसऱ्या रात्रीपासून पनेटं
काट्याच्या आधी तिच्या हातावर यायला लागली.
आणि चौथ्या की पाचव्या रात्री
(तारीख लिहिली नाही, त्याला रकाना नव्हता)
पनेट बाजूला ठेवून
सखू गांगुर्डेकडं बघत ती म्हणाली,
"तुझं आज सातशेच्या वर चाललंय गं.
दोनशे काढ. हितं ठेव,
माझ्याकडं क्रेट रिकामाच हाय."
सखूनं काय काढलं ते मला ऐकू आलं नाही,
कंप्रेसर चालू होता.
तिनं बाहीनं नाक पुसलं
आणि कात्री उचलली.

मग जेवणाच्या सुट्टीत
नागलीची भाकर, खुरासणीची चटणी, आणि वजनं.
"माझं सहाशे दहा. पोरीची बारावी."
"माझं चारशेच. भूक लागलीय."
"आन् साहेबाचं?"
"त्याला भुईकाटा लागतो बाई!"
बहात्तर टोप्या हलल्या.
मी वहीत तोंड घातलं, तर तिथंही हसू.

मार्चात एक कंटेनर अडकला.
अठराशे पेट्या फोडून पुन्हा भरायच्या, सकाळच्या आत.
देवरेसाहेबांनी क्रेटला लाथ मारली,
क्रेट ड्रेनेजच्या जाळीपर्यंत घरंगळत गेला.
कुणीच हललं नाही.
मंजुळा गेली, क्रेट उचलून आणला,
पालथा घालून त्याच्यावर हात आपटला:
"बसा साहेब. लई झालं आज.
कात्री येती का धरता?"

ते बसले. का बसले, कोण जाणे.
दहा मिनिटं खपून एक पनेट भरलं.
तिनं ते तळहातावर घेतलं, सगळा हॉल थांबला.
"चारशे सत्तर," ती म्हणाली. "परत."

रोज वाढला नाही, हेही सांगायला हवं.
शिफ्ट बारा तासांचीच राहिली,
आणि आठवड्याभरात शिव्याही परतल्या,
फक्त आता त्यांना गाळावं लागत नव्हतं.

त्या पहाटे पिकअपच्या फाळक्याला टेकून
ती डोळे मिटून उभी होती.
तिला असं गप्प मी पाहिलं नव्हतं.
"मावशी, तुमचं किती?"
"लिहिणार हायेस का?"
"नाही."
तिनं आकडा सांगितला, पण तेवढ्यात गाडी सुरू झाली.
दिंडोरीच्या वळणापर्यंत मी तो
ओठांवरून आठवत राहिलो.
आठशे असावा. नऊशेही असेल.

रात्री कामावर आलो ते अर्धा तास आधी.
चार नंबरच्या टेबलाखाली
आणखी एक रिकामा क्रेट सरकवला
आणि वही उघडून
हात धुतलेल्यांची नावं लिहायला लागलो.