डावी लाईन

उद्यमनगरात, लेथच्या किरकिरीला लागून
बाबालाल शिकलगारचं दहा बाय बाराचं दुकान.
दहावीला मराठीत नापास झालो
आणि त्याच आठवड्यात त्याच्या हाताखाली लागलो.
पहिल्या दिवशी त्यानं टेस्ट लॅम्प दिला :
एका टोकाला सुई, एका टोकाला चिमटा,
मधे हरभऱ्याएवढा दिवा.
"ह्यो खोटं बोलत न्हाई," म्हणाला. "गिऱ्हाईक बोलतंय."

समोर एक जुनी मारुती, डॅशबोर्ड काढून बोनेटवर ठेवलेला.
"बॅटरीतनं निघाली. फ्यूज. मग चावी.
चावी दिली तरच म्होरं.
तिथनं हॅजार्डच्या बटणातनं वळसा घालून फ्लॅशरच्या डबीत,
डबीतनं स्टिअरिंगखालच्या दांडीला.
दांडी ढकलशील तिकडची लाईन.
फुडचा दिवा, मागचा दिवा,
आन् तुज्या डोळ्याम्होरं एक हिरवा बाण,
तू इसरू नयेस म्हणून."

कपाटातली एक जुनी डबी त्यानं नखानं उचकटली.
आत पट्टी. पट्टी कसली, दोन धातू पाठीला पाठ लावून चिकटवलेले.
करंट आला की दोघं तापतात,
एक जास्त पसरतो, दुसरा कमी,
आणि सुटता येत नाही म्हणून वाकतात.
दिवा गेला. निवले की सरळ. दिवा आला.
मिनिटाला ऐंशी वेळा हा संसार.
"एक बल्ब उडाला की जुनी डबी मंदावती," म्हणाला.
"नवीन इलेक्ट्रॉनिकवाली घाई करती.
आवाजावनं वळकायचं. बल्ब बघत बसायचं न्हाई."

त्या मारुतीचं दुखणं निराळंच होतं.
डावीकडं दांडी टाकली
की मागचा लाल दिवा अंधुक लुकलुकायचा,
पिवळा मेल्यागत.
बाबालालनं डिकीत मुंडकं घातलं, आतूनच बोलला,
"करंट गेला तर परत बी याया पायजे. पत्र्यातनं येतोय त्यो.
हिथं गंज. वाट न्हाई,
म्हणून शेजारच्या बल्बातनं घुसून घरी चाललाय.
अर्थ मिळंना ह्येला."

मी चपापलो.
खालील ओळींचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा,
गुण पाच,
आणि मी कोरी सोडलेली अर्धी पानभर जागा.

त्यानं पॉलिश पेपरचा तुकडा माझ्याकडं फेकला.
पत्रा पांढरा दिसेपर्यंत घासला, स्क्रू आवळला.
दांडी टाकली.
भिंतीवरचं कॅलेंडर पिवळं झालं, विझलं, पिवळं झालं.
"पास," म्हणाला. चहा सांगितला.

हॅजार्ड त्यानं दुसऱ्या दिवशी शिकवलं.
"ह्येची वायर येगळी. थेट बॅटरीची.
चावी खिशात असूंदे, गाडी मेलेली असूंदे, चालणारच.
बटण दाबलं की डावं-उजवं एक हुतंय.
दांडीचं कोण ऐकत न्हाई मग."
म्हटलं, मग वळायचं कसं?
"वळायला न्हाईच ते. थांबलोय, अंगावर यऊ नका, एवढंच."
आंबा घाटात, धुक्यात, एकदा सगळी रात्र
त्या एका वायरीवर काढलीय म्हणाला.
पुढं काही बोलला नाही.

परवा सीपीआरला गेलो.
डॉक्टर म्हणाले, डावी बाजू गेली.
चावी, फ्यूज, दांडी, अर्थ :
मी उभ्या उभ्या सगळी लाईन तपासली.
कुठं सुई लावायची कळेना.
बाबालालचा उजवा अंगठा खाटेच्या दांडीवर
टिक
करत होता.
बराच वेळ काही नाही.
मग परत
टिक.
मी शेजारी बसून मोजत राहिलो.
मिनिटाला बावीस.

बाहेर आलो तर दसरा चौकात
एक स्विफ्टवाला चारी दिवे लावून सरळ निघालेला.
असल्यांना बाबालाल दुकानातून शिव्या घालायचा,
आणि मीही, त्याच्या मागून, त्याच शिव्या.
आज नुसता कडेला सरकलो.
जाऊ दिला.