पातं वर, दांडा खाली

वैशाख. दुपारचे पावणेदोन.
दाताळं गवतात दात वर करून पडलेलं,
माझा पाय त्यावर,
आणि दांडा उठून थेट कपाळाशी.
भुसावळच्या उन्हानं डोकं आधीच तापलेलं,
त्यात हे टेंगूळ.

प्रमिलानं हळद चेपली. म्हणाली,
"एकतीस वर्षं लोको शेडात काढली,
तिथं नाही कधी असे आपटलात."

खरं होतं.
शेडात एक फळा होता,
प्रत्येक पान्याची आकृती त्यावर काळ्या रंगानं काढलेली.
पाना नेला की मागं त्याची सावली उरायची
आणि सुटीच्या भोंग्याआधी मुकादम सावल्या मोजायचा.
घरी मात्र फावडं जिन्याखाली,
कुदळ तुळशीमागं,
खराटा जिथं शेवटचं पान लोटलं तिथंच,
आणि शेवग्याच्या शेंगा काढायची आकडी,
साडेनऊ फूट,
आडवी ठेवली की येणारा-जाणारा प्रत्येक जण
लुगडं नाहीतर पँट सावरून
तिला ओलांडणार.

सावद्याला मेव्हण्यानं केळीतली पाईपलाईन बदलली.
जुने तुकडे बांधावर पडून होते, दोन इंची.
पाच आणले,
हात-हातभर कापले,
कुंपणाच्या भिंतीला पट्टीनं आवळले, उभे.

मग वाद.
पातं वर की खाली?
प्रमिला म्हणाली, खाली.
झोपेंचा तन्मय चेंडू घ्यायला न विचारता आत येतो,
डोळ्यासमोर कुदळ नको.
मी म्हणालो, पातं खाली तर गंज.
लोटन मिस्तरी गेटवर सायकल टेकवून ऐकत होता,
त्याला कुणी विचारलं नव्हतं.
"लाकूडले जमीन दखाडू नका, दादा,
वाळवी चढी जाई."
म्हणजे लोखंड टेकवलं तर गंज,
लाकूड टेकवलं तर वाळवी.
उभं राहायचं तर काहीतरी टेकावं लागतंच.

शेवटी शहाबादी फरशीचा तुकडा खाली घातला,
पाती वर केली,
कुदळीच्या टोकाला सायकलची जुनी ट्यूब बांधली.
प्रमिला लांबून बघून म्हणाली,
"फोटो काढायला उभी केल्यासारखी दिसतायत."

खरंच दिसत होती.
आडव्या पडलेल्या वस्तूची उंची कुणी बघत नाही.
खराटा सगळ्यात उंच निघाला, मला वाटायचं फावडं.
आणि फावड्याचा दांडा,
धावड्याचा, पालच्या बाजारातून घेतलेला,
त्यावर दोन ठिकाणी लाकूड काळपट, गुळगुळीत.
एक माझ्या मुठीची जागा.
दुसरी वीतभर अलीकडं, पात्याजवळ,
प्रमिलेची. ती बुटकी, खाली धरते.
वांग्यांची आळी, लिंबाचं खत,
मी ड्यूटीवर असताना कोण करत होतं
हे मी कधी विचारलं नव्हतं.
तिची जागा माझ्या जागेपेक्षा जास्त झिजलेली.
आणि आता दांडा उलटा उभा आहे, त्यामुळे
तिची खूण वर आली आहे,
माझी खाली, पाईपाच्या तोंडाशी.
मी काही बोललो नाही.
फक्त दोन्हींवर जवसाचं तेल चोळलं,
वरच्यावर जरा जास्त.

चार पाईप भरले. पाचवा आकडीचा,
पण आकडी झोपे वहिनींनी नेलेली,
"शेंगा काढल्या की लगेच देते."
लगेच म्हणजे आज बावीस दिवस.
रिकाम्या पाईपात मी अधूनमधून डोकावतो,
मुकादमाची सवय.

काल डोकावलो तर आत कुंभारीण माशी.
नळाखालच्या चिखलाची गोळी तोंडात धरून
तिनं आत घर घातलंय,
वाटीएवढं, अजून ओलं.

आणि आज संध्याकाळी वहिनी आल्या,
हातात आकडी, पदरात चार शेंगा,
"बघा, विसरले नव्हते."

मी पाईपाकडं बघितलं, प्रमिलेनं माझ्याकडं.

"राहू द्या अजून तुमच्याकडं," ती म्हणाली,
"आमच्याकडं सध्या जागा नाही."